कोकणातली वाळलेली रानफुलं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही वेंगुर्ल्याच्या बाजूला राहतो आणि घरच्या बांधावरची, आजूबाजूच्या रानातली फुलं, तुरे, शेंगा, गवतं वाळवून त्यांच्या जुड्या, तोरणं आणि पोटल्या करतो. फोनवर आणि चिठ्ठ्यांतून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते सगळे इथे सविस्तर लिहिले आहेत. तुम्ही आमच्याकडून काही घ्या किंवा न घ्या, घरच्या घरी वाळवायला बसलात तरी याचा उपयोग व्हावा, म्हणून हातचं काही राखलेलं नाही.

वाळलेली फुलं म्हणजे रंगवलेली का?

नाही. कुठलाही रंग नाही, ब्लीच नाही, चकाकीचा फवारा नाही. वाळल्यावर निसर्गाने जो रंग ठेवला तोच. त्यामुळे आमच्या जुडीत विटकरी, तांबूस, गव्हाळ, राखाडी, मळकट गुलाबी असेच रंग दिसतील. निळं किंवा पोपटी काही दिसलं तर ते आमचं नव्हे असं खुशाल समजा. शहरातल्या एका दुकानाला आम्ही कुर्डूच्या जुड्या दिल्या होत्या. दोन महिन्यांनी तिथे गेले तर तेच तुरे गडद निळ्या रंगात बुडवून ‘कोकणचं रानफूल’ म्हणून काचेत लावलेले. मला फार वाईट वाटलं. त्यानंतर आम्ही त्या दुकानाला माल दिला नाही.

सुकलेलं फूल घरात ठेवणं अशुभ असतं ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. लग्नाच्या भेटीसाठी विचारणारे तर हमखास विचारतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

देवाला वाहिलेलं फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतं आणि ते आपण विसर्जन करतो. ही रीत बरोबरच आहे आणि आम्हीही पाळतो. पण आमच्या जुडीतलं फूल देवाला वाहिलेलं नसतं, त्यामुळे ते निर्माल्य ठरत नाही.

आणि कोकणातल्या दारावर वाळलेलं फूल वर्षभर असतंच की. दसऱ्याला, काही गावांत नवान्न पौर्णिमेला, आपण ‘नवं’ बांधतो. आमच्या घरी त्या दिवशी बाबा पहाटे शेतात जातात आणि भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, कुर्डूचे तुरे घेऊन येतात. आई परसातले गोंडे, म्हणजे झेंडू, काढते. मग ओटीवर बसून आंब्याच्या पानात एक लोंबी, एक कणीस, एक तुरा, एक गोंडा असं धरून केळीच्या सोपाच्या दोराने आवळून बांधायचं. पहिलं देवाला, दुसरं दाराच्या चौकटीला, मग तुळशीला, कणगीला, विहिरीच्या रहाटाला, आता मोटारसायकललाही. ते नवं तिथेच वाळतं आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत तिथेच राहतं. धान्य घरात आलं, भरलं घर आहे, असं सांगणारी ती खूण. तिला कोणी अशुभ म्हटलेलं मी ऐकलं नाही.

माझं हे सगळं काम त्या नव्यातूनच सुरू झालं. एका वर्षी मे महिन्यात चौकटीकडे नजर गेली. आंब्याचं पान तपकिरी होऊन मुडपलं होतं, गोंड्याचा चुरा झाला होता, पण कुर्डूचा तुरा तसाच ताठ. टोकाला गुलाबी छटासुद्धा शिल्लक होती. सात महिने खारा वारा खाऊनही! तेव्हा वाटलं, हे फूल मुंबईच्या माणसाच्या घरातही राहील.

मग कोणती रानफुलं चांगली वाळतात?

मूळची कोरडी आणि कागदी असतात ती. पाणीदार, मांसल पाकळी वाळत नाही, ती कुजते.

कुर्डू आमचा आधार. श्रावणात याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते आणि भात पोटरीला येईस्तोवर बांधावर तुरे उभे राहतात. तुरा हातात घेऊन बघा. खालून वर फुलत जातो. खालची फुलं पिकून चंदेरी पांढरी झालेली असतात, मधली फिकट, आणि टोकाला गुलाबी शेंडी. बोटांनी चोळलं की कागद चुरगळल्यासारखा बारीक आवाज येतो, म्हणजे ताज्या फुलातच पाणी नाहीसं आहे. बागेतला कोंबडा त्याचाच भाऊबंद. या कुळातल्या फुलांचा गुलाबी-लाल रंग हा गुलाब-जास्वंदीच्या रंगाहून वेगळ्या जातीच्या रंगद्रव्याचा असतो, बिटात असतो त्या प्रकारचा.

दुसरी उक्षी. फाल्गुन-चैत्रात रानाच्या कडेला या वेलीचे हिरवट झुबके लोंबतात. तिच्या फुलाला पाकळ्या नसतातच. पाकळ्यांसारखं जे दिसतं ती पाच निदलं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी पानं. फूल झडलं तरी ती झडत नाहीत, उलट मोठी होऊन फळाला चिकटून राहतात आणि वाळून पंख्यासारखी होतात, फळ वाऱ्याबरोबर लांब जावं म्हणून. म्हणजे वाळण्याचं काम वेलीनेच केलेलं असतं, आम्ही फक्त उतरवून आणतो. वैशाखात तिचा रंग विटेसारखा होतो. उक्षीच्या खोडात पाणी असतं आणि उन्हाळ्यात रानात फिरणारे लोक वेल तोडून ते पितात, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना नवं नाही. म्हणून वेलीला धक्का न लावता झुबकेच काढायचे.

तिसरा किंजळ. दिवाळीच्या सुमारास डोंगरउतारावर काही झाडं तांबडी झालेली दिसतात, परक्या माणसाला वाटतं पानं लाल झाली. ती किंजळीची फळं. प्रत्येक फळाला एक मोठा पंख आणि दोन छोटे. त्यांचे घोस वाळून गंजल्या लोखंडाच्या रंगाचे होतात आणि वर्षानुवर्षं राहतात. ऐनाची पाच पंखांची फळं जाड आणि लाकडी, ती तोरणात ओवायला बरी.

याशिवाय मुरुडशेंग, जिचे पीळ बघून मुलं हरखतात. बाळंतघुटीत ती उगाळून देतात, त्यामुळे बऱ्याच घरांत ओळखीची असते. टेटूच्या तलवारीएवढ्या शेंगा मोहक असतात, पण ती झाडं आता फार थोडी राहिली आहेत, म्हणून गळून पडलेली शेंग मिळाली तरच. पाणकणीस कोवळं असताना कापलं तर टिकतं, जून झालं की एके दिवशी दिवाणखान्यात फुटतं आणि सगळीकडे कापूस. आणि सड्यावरचं, म्हणजे कातळपठारावरचं, गवत. आश्विन संपता संपता सगळा सडा सोन्यासारखा होतो. आंब्याच्या अढीसाठी, गुरांसाठी लोक ते कापतातच. त्या कापणीतल्या चार पेंढ्या आम्ही तुऱ्यांसकट बाजूला ठेवून घेतो.

बकुळ आणि सुरंगीचा वास खरंच टिकतो का?

बकुळीचा टिकतो, वर्ष-दीड वर्ष तर सहज. आमच्याकडे तिला ओवळ म्हणतात. आजीच्या ट्रंकेत नऊवारींच्या घड्यांमध्ये ओवळांचा वळेसर (गजरा) असायचा, रंगाने पार कॉफीसारखा झालेला, आणि ट्रंक उघडली की तोच वास आधी यायचा. ओवळ झाडावरून तोडायची नसते. पहाटे झाडाखाली चांदण्यांसारखा सडा पडलेला असतो. फूल गळतं ते पाकळ्यांचं अख्खं कडं होऊन, मधोमध भोक राहिलेलं, त्यामुळे सुईशिवायही ओवता येतं. माणसांची आणि गुरांची पावलं पडायच्या आत वेचायचं. मी लहान असताना एकदा फांदी ओढून हलवली तर आजी ओरडली होती, “पडलेला उचल गो, झाडाक हात लावू नको!” आजही आमच्या घरात तोच नियम आहे.

ओवळ उन्हात घालू नका. सुपात पातळ पसरून माजघरात ठेवा, दिवसातून दोनदा हाताने वरखाली करा. चैत्र-वैशाखात तीन-चार दिवसांत खडखडीत होते. उन्हात घातलेली एकाच दिवसात वाळते, पण वास निम्मा उडून जातो.

सुरंगीची गोष्ट निराळी. वेंगुर्ले तालुक्यातल्या आसोली-आरवली भागात सुरंगीवर कितीतरी घरांचा हंगाम उभा असतो. माघ-फाल्गुनात जुन्या फांद्यांना चिकटून कळ्यांचे घोसच्या घोस येतात. कळी उमलायच्या आत, उजाडण्याआधी काढायला लागते, कारण ऊन चढलं की मधमाश्यांचं मोहोळच झाडावर असतं. वळेसरासाठी ताजी कळी जाते, बाकीची खळ्यात वाळवून व्यापाऱ्याला. बाजारात ‘लाल नागकेशर’ म्हणून जे मिळतं ती बहुधा वाळलेली सुरंगीची कळीच असते. वाळल्यावर तिचा वास ताज्यासारखा भरघोस राहत नाही, थोडा मधासारखा, थोडा लाकडासारखा होतो. मला तो आवडतो. पण ताज्या सुरंगीच्या आठवणीने पोटली घेणाऱ्याची निराशा होऊ शकते, म्हणून आधीच सांगून टाकते.

केवड्याचं आतलं पिवळं पानही कपड्यांत किंवा वहीत ठेवलं तर वाळूनही दरवळत राहतं. पण आमच्याकडे तो थोडा येतो आणि जो येतो तो गणपती-गौरीलाच संपतो.

तेरडा, सोनचाफा, अनंत का नाहीत?

तेरड्याचा रंग तीन दिवस, हे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवलेलं आहे. सोनचाफा काळा पडतो, अनंत मळकट होऊन चिकट होतो. ही फुलं ताजीच सुंदर. पुस्तकात दाबून ठेवायला तेरड्याची सुटी पाकळी चालते.

सड्यावरची छोटी फुलं जुडीत घालाल का? गेंद वाळून छान दिसतो असं ऐकलं.

छान दिसतो हे खरं आहे. पांढऱ्या गुंडीसारखा गोंडा, बारीक दांडी, आणि वर्षभरही तसाच राहतो. तरी आम्ही तो काढत नाही आणि मागूही नका अशी हात जोडून विनंती आहे.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. वर माती काही बोटं जाडीची, कुठे तेवढीही नाही. पावसाचे तीन-साडेतीन महिने तिथे पाणी झिरपतं, तेवढ्या अवधीत गेंद, सीतेची आसवं, कवला यांना उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि मरायचं असतं. गेंदाच्या बहुतेक जाती एकाच पावसाळ्याच्या. आज खुडलेला गोंडा म्हणजे पुढच्या वर्षीचं बी. सीतेची आसवं तर किडे पचवून जगते, कारण त्या मातीत कसच नाही. दीपकाडी पहिल्या पावसात फुलते, पांढरीशुभ्र. तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे, कारण ती कोकण-गोव्याच्या सड्यांखेरीज जवळजवळ कुठे सापडत नाही. अशी फुलं बघायला चला, पाय जपून टाका, फोटो काढा. याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. २०२२ साली त्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला, तेव्हापासून माणसांची वर्दळ वाढली आहे आणि चिखलात पायवाटा रुंद होताना आम्ही बघतो आहोत. आमच्या जुडीने त्यात भर पडायला नको.

रानमोडी, घाणेरी हीसुद्धा रानफुलंच ना? ती तर कितीही तोडली तरी चालतील.

रानात उगवतं ते सगळं इथलं नसतं. घाणेरी आणि रानमोडी दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या आणि इथल्या गवताला, रोपांना दडपून टाकणाऱ्या. तोडायला हरकत नाही, पण रानमोडी वाळली की तिचं बी म्हातारीसारखं उडतं. ती जुडीत घालून कुरियरने गावोगाव पाठवायची म्हणजे आपल्या हातांनी पेरणी करण्यासारखं आहे. घाणेरीची काटेरी फांदी कोणाला घरात नको असते.

झेंडूही मूळचा मेक्सिकोचा, हे मला ठाऊक आहे. तो नव्यात आहे, परसात आहे, रानात पसरून कोणाची जागा खात नाही. त्याच्याशी आमचं भांडण नाही. दुकानांतून मिळणारं पांपास गवत मात्र दक्षिण अमेरिकेचं. आपल्या सड्यावर सोनं उभं असताना ते कशाला, एवढंच म्हणणं.

घरी वाळवायची तर कशी?

तीन गोष्टी सांभाळा: सावली, वारा, आणि काढायची वेळ.

कापणी दव उडाल्यावर, सकाळी दहाच्या पुढे. ओल्या तुऱ्याला आतून बुरशी लागते आणि ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. कुर्डू निम्मा-पाऊण फुललेला असताना कापा. पूर्ण पिकलेला तुरा वाळल्यावर बी गाळत राहतो. खालची पानं ओरबाडून काढा, दहा-बारा दांड्यांचीच जुडी करा आणि सुंभाने किंवा रबराने बांधा. दांडी वाळून बारीक होते, त्यामुळे साध्या दोऱ्याची गाठ सैल होऊन फुलं निसटतात, रबर आपोआप आवळत जातं. मग उलटी टांगा. उलटी अशासाठी, की वाळताना तुऱ्याच्या वजनाने मान मोडत नाही, दांडी सरळ राहते.

कुठे टांगायची हे कोकणात महत्त्वाचं. पोटमाळा सगळ्यांत उत्तम, कौलांची ऊब आणि अंधार दोन्ही मिळतं. आमच्या जुन्या घरात चुलीवरच्या माळ्यावर वाळवायचो, ती फुलं कोरडी आणि किडीशिवाय राहायची, पण धुराचा वास आणि किंचित काळपटपणा यायचा. आता मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, आढ्याला टांगतो. समुद्राकडची खिडकी बंद ठेवायची, डोंगराकडची उघडी. दुपारी समुद्रावरून येणारा वारा खारट आणि दमट असतो. फुलावर बसलेलं मीठ पुन्हा हवेतलं पाणी ओढून घेतं. रात्री आणि पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा कोरडा. कार्तिक ते माघ हे दिवस त्यासाठी सोन्यासारखे. कुर्डू तेव्हा दहा-बारा दिवसांत वाळतो.

एकदा आम्ही घाई केली. दिवाळीच्या भेटींची मोठी मागणी होती, म्हणून दसऱ्याआधीच कुर्डू कापून पडवीत दाटीवाटीने टांगला. परतीचा पाऊस आला आणि तीन दिवस हटला नाही. चौथ्या दिवशी जुडी उतरवली तर बाहेरून तुरे नीट, मधोमध बोट घातलं तर राखाडी कापूस. एकशेचाळीस जुड्या होत्या. सगळ्या खड्ड्यात गेल्या आणि मागणी देणाऱ्यांना फोन करून पैसे परत केले. तेव्हापासून दोन जुड्यांमध्ये वीतभर अंतर, आणि परतीचा पाऊस गेल्याची खात्री झाल्याशिवाय कापणी नाही. तुमच्या घरात जागा थोडी असेल तर फुलंही थोडीच आणा.

वाळूत पुरून वाळवायचं असेल तर नदीची बारीक वाळू घ्या. किनाऱ्यावरची घ्यायची तर गोड्या पाण्याने पाच-सहा वेळा धुऊन, उन्हात तापवून. मिठाचं कारण वर आलंच आहे. पानं, शेरवडीचं पांढरं पान, नाजूक फुलं दाबायची तर जुन्या वर्तमानपत्रात घालून पाट्याखाली. पहिले चार दिवस रोज कागद बदला. कागद बदलायचा कंटाळा केला की पान तपकिरी होतं.

पावसाळ्यात त्यांचं काय होतं?

मऊ पडतात, माना टाकतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवाच ओली असते, त्यांचा दोष नाही.

आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, आपण मीठ-मिरची, पापड, साठं, सुकी मासळी यांची बेगमी करतो, त्यातच फुलंही बसवा. मे अखेर एकदा, ओवळ सोडून बाकीची, कडक उन्हात तासभर दाखवा, निवू द्या आणि पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तळाला लोणारी कोळशाचे दोन तुकडे कापडात बांधून, किंवा चपलांच्या खोक्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळलेला पाला. सुकी मासळी असलेल्या फडताळात मात्र तो डबा ठेवू नका. ओवळ आजूबाजूचा वास लगेच उचलते.

बाहेर ठेवलेली जुडी मऊ पडलीच, तर श्रावणात ऊन पडेल तेव्हा अर्धा तास उन्हात किंवा गरम तव्यापासून हातभर अंतरावर धरा, पुन्हा ताठ होते. बुरशी दिसली तर वाचवायच्या भानगडीत पडू नका, टाकून द्या.

मुंबई-पुण्यात फ्लॅटमध्ये किती दिवस राहतील?

पुण्याच्या कोरड्या हवेत दोन-तीन वर्षं, मुंबईत जरा कमी. किंजळ आणि मुरुडशेंग कितीही. रंग उडतो तो उन्हाने, म्हणून खिडकीसमोर ठेवू नका. कुर्डूची गुलाबी शेंडी साधारण वर्षभरात फिकट होऊन सगळा तुरा चंदेरी होतो. पाणी कधीही घालू नका. कितीही वेळा सांगितलं तरी कोणीतरी फुलदाणीत पाणी घालतंच. धूळ झाडायला रंगाचा मऊ ब्रश किंवा केस वाळवायच्या यंत्राची थंड हवा. घरात कोणाला दमा असेल तर गवताचे तुरे टाळा, किंजळीचे घोस घ्या.

कुर्डूचं बी गळतं, काय करू?

काळं, चकचकीत, खसखशीएवढं बी असतं. आम्ही जुडी बांधण्याआधी प्रत्येक तुरा सुपावर हलक्या हाताने झटकतो आणि ते बी पावसाच्या तोंडाशी बांधावर परत टाकतो. तरी थोडं राहतंच. तुमच्याकडे गळालं तर कुंडीत टाकून बघा, भाजीपुरता पाला मिळेल.

घरात लहान मुलं आहेत. काही विषारी तर नाही ना?

आमच्या जुडीत नाही, पण रानातून तुम्ही स्वतः काही आणणार असाल तर हे नीट वाचा. गुंज घरात आणू नका. शेंग उकलली की आतल्या लाल-काळ्या बिया फार देखण्या दिसतात, सोनार पूर्वी त्यांनीच सोनं तोलायचे. पण बी चावून फुटलं तर जिवावर बेतू शकतं, आणि मूल ते तोंडात घालणारच. कळलावीचं फूल, बी, कंद सगळं विषारी. धोत्र्याची काटेरी बोंडं आणि कण्हेरीच्या शेंगाही नकोत. गुंजांची तोरणं करून द्या अशी मागणी आम्हाला दरवर्षी येते आणि दरवर्षी आम्ही नाही म्हणतो.

गणपतीच्या मखराला वापरू का?

जरूर वापरा. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून ही मागणी वाढली आहे. आपल्याकडे गणपतीवर माटवी, म्हणजे वर टांगायची लाकडी चौकट, बांधायची रीत आहेच. नारळ, सुपारीचे घोस, कवंडळ, तिरफळं, रानातली फुलं असं सगळं ताजं तिच्यात येतं. त्या ताज्याच्या मागे वाळलेल्या गवताची पार्श्वभूमी फार शोभते.

फक्त आग सांभाळा. वाळलेलं गवत काडीसारखं पेटतं. समई, निरांजन, कापूर यांच्यापासून किमान दोन हात लांब, आणि दिव्यांच्या माळा गवतात गुंडाळू नका, माळ गरम होते. आरतीच्या वेळी ताम्हन फिरवताना वर काय लोंबतंय ते एकदा बघून घ्या.

भेट म्हणून कशी देता?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून ओवळांची पोटली सगळ्यांत जास्त जाते. ओवळ वैशाखात वेचलेली आणि वाण पौषात, म्हणजे आठ महिने डब्यात सांभाळलेली. जुन्या सुती साडीच्या कापडात मूठभर ओवळ, वर लाल दोरा, एवढंच. रुखवतासाठी कुर्डू-लोंबीची तोरणं. घरभरणीला पोफळीच्या विरीत (झावळीच्या बुडाच्या रुंद वाळक्या आवरणात) बांधलेली मोठी जुडी, किंवा बुरुडाकडून घेतलेल्या रोवळीत मांडलेले किंजळ आणि उक्षी. रोवळी मागाहून तांदूळ धुवायला उपयोगी पडते, म्हणून घरच्या बायकांना ती भेट विशेष आवडते. वेष्टनाला प्लास्टिक वापरत नाही. वाळलेलं फूल प्लास्टिकमध्ये घामेजतं.

एवढ्याशा जुडीला एवढे पैसे का?

पाटीभर कुर्डू कापून आणला की वाळून, निवडून एका सुपात मावतो. पाच-सहा शेजारणी वेचणीला आणि बांधणीला येतात, त्यांची मजुरी दिवसाच्या हिशोबाने असते, जुडी खपो वा न खपो. तुटलेलं, कसर लागलेलं आम्ही पाठवत नाही. घासाघीस कराल तर आम्हाला कमी करायला जागा फक्त त्या मजुरीत आहे, आणि तिथे आम्ही हात घालत नाही.

रानातून फुलं काढायला परवानगी लागते का?

स्वतःच्या जमिनीतला कुर्डू आणि गवत यांचा प्रश्न नाही. दुसऱ्याच्या बागेत जायचं तर मालकाला विचारून. राखीव वनातून वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही आणता येत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत काही वनस्पतींची नावंच दिलेली आहेत, त्या रानातून तोडता येत नाहीत. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समिती असायची आहे आणि गावातल्या झाडापेडांची नोंदवही ठेवायची आहे. विकण्यासाठी काढायला लागण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन त्या समितीशी बोला. आमच्या गावात त्या निमित्ताने ओवळीची किती जुनी झाडं उरली आहेत हे आम्हालाच प्रथम कळलं.

देवराईतून काडीही उचलायची नाही. तिथे पडलेली ओवळही आम्ही वेचत नाही.

परदेशातल्या मुलीला पाठवायचं आहे. जाईल का?

बऱ्याच देशांत वनस्पतीचा कुठलाही भाग नेण्यावर निर्बंध असतात, बिया असतील तर जास्तच. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड फार कडक आहेत, सामानात लपवून नेलंत तर दंड होतो. व्यापारी माल पाठवायचा तर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं आणि आम्ही ते अजून काढलेलं नाही. त्यामुळे सध्या देशातच पाठवतो. तिला गावी आल्यावर दाखवा, वास घेऊ द्या.

जुनी झालेली फुलं कुठे टाकायची?

रंग, गोंद, तार काहीच नसल्यामुळे थेट मातीत. आम्ही माडाच्या आळ्यात टाकतो. शहरात कुंडीत चुरून घाला किंवा ओल्या कचऱ्यात द्या. सुंभसुद्धा कुजतो, थोडा वेळ लागतो इतकंच.

जुनं नवं मात्र आमच्याकडे असं टाकत नाहीत. दसऱ्याच्या दिवशी नवीन बांधायच्या आधी जुनं उतरवायचं, त्यातले भाताचे दाणे अंगणात चिमण्यांना झटकायचे आणि काड्या तुळशीच्या मुळाशी ठेवायच्या. गेल्या दसऱ्याला दाराचं नवं उतरवलं तेव्हा कुर्डूचा तुरा अजून धड होता. आईने तो वेगळा काढला आणि नवीन लोंबीबरोबर पुन्हा चौकटीला बांधला.